गुहेत शिरण्याआधी

प्रिय ताई,

सोबत एक पत्ता आणि पासवर्ड पाठवते आहे. नऊ वर्षं मी इंटरनेटवर रोजनिशी लिहिते आहे, आजवर कुणालाच दाखवलेली नाही. उघडलीस की नोंदींची नेहमीसारखी यादी दिसणार नाही, मी रंगवलेला एका जादूच्या राज्याचा नकाशा दिसेल. गोंधळू नकोस, सांगते.

मधला किल्ला म्हणजे घर. त्याच्या बुरुजावर बोट ठेवलंस की रोजच्या नोंदी उघडतील. नदीपलीकडचं बुटक्यांचं गाव म्हणजे आमची कवळ्या बनवायची लॅब. "पोरी, जरा हसरे दात दे, सूनबाईला मी कायम चिडलेला वाटतो," म्हणणारे आजोबा तिथेच भेटतील. दलदलीत नुसती माझी कुरकुर आहे, तिथे फार रेंगाळू नकोस.

वरच्या डोंगरात गुहा आहे, गुहेत ड्रॅगन. तो रंगवायला दोन रविवार लागले. त्याला चष्मा आहे. ताई, तो ड्रॅगन तू आहेस.

बाबा अंथरुणाला खिळले त्या चार वर्षांत तू फोनवर विचारायचीस, "गोळ्या वेळेवर देतेस ना?" मी हो म्हणायचे, फोन ठेवायचे आणि गुहेत जाऊन लिहायचे. नाही नाही ते लिहिलंय. बाबा गेले तेव्हाचं तुझं रडणंसुद्धा मला नाटक वाटलं होतं. मग त्यांची गादी आवरताना तुझी पत्रं सापडली, दर आठवड्याचं एक. मी कामावर असताना बाबांना सांभाळणाऱ्या मावशी ती वाचून दाखवायच्या म्हणे. मला कुणी सांगितलंच नाही. त्या दिवशी गुहेत एवढंच लिहिलं, 'मला माहीत नव्हतं.' त्यानंतर तिकडे फिरकले नाही. पुसावंसं खूपदा वाटलं, हात धजला नाही.

गेल्या आठवड्यात तू म्हणालीस, "आता रिटायर झाले, तुझ्याकडेच राहायला येऊ का गं?" आणि मी "बघू" म्हणून विषय बदलला. तुला लागलं असणार. नको म्हणून नव्हतं ते. एका घरात राहून एवढं लपवणं मला जमणार नाही, म्हणून आधी सगळं वाच. राग आला तर फोन करून मनसोक्त भांड, मी ऐकून घेईन. आणि तरीही यावंसं वाटलं तर गाडीची वेळ कळव. मागच्या खोलीला रंग देऊन झालाय, पलंग खिडकीशी सरकवलाय.

तुझीच,
ठकू