मधोमध हॉर्न असलेलं स्टेअरिंग

बाबा, परवा मी महाडच्या बाजारातून एक स्टेअरिंग घेऊन आलो. गाडी नाही, नुसतं स्टेअरिंग, खाली तीन पेडल. ते कॉम्प्युटरला जोडायचं, पडद्यावर रस्ता पळतो आणि आपण घरात खुर्चीवर बसून गाडी हाकायची. हसू नका. तुम्ही गेलात तेव्हा पाळण्यात होती ना, त्या तुमच्या नातीची ही अक्कल. ती आता बिरवाडीजवळच्या कारखान्यात प्रयोगशाळेत असते. माझ्या डोळ्यांत काचबिंदू आहे. समोरचं दिसतं, कडेचं नाही. नाते गावच्या वळणावर रस्त्याकडेची म्हैस मला दिसलीच नाही. म्हैस वाचली, पण माझी गाडी सुटली. मुलीनं चावी घेऊन तोंडावर सांगितलं, "पप्पा, मला तुम्ही पाहिजे, गाडी नको." मी दोन वेळा जेवलो नाही. उपाशी बसून पोरीला काय शिक्षा करणार? माझंच पोट आत गेलं. पण ती खोटं बोलली नाही, एवढं तुम्हाला सांगायचं आहे. पुढे लागणार आहे ते.

दुकानदारानं टेबलाच्या कडेला दोन स्टेअरिंग घट्ट आवळून ठेवली होती. मी सवयीनं चप्पल काढली, स्टेअरिंगला हात लावून कपाळाला लावला. "काका, चप्पल चालते हो इथं, देऊळ नाय हे," दुकानदार म्हणाला. मी म्हटलं, "पायाला ब्रेक कळायला नको का, मालक?" पहिलं स्टेअरिंग फार गुणी. आत मोटर होती म्हणे. खड्डा आला की तळहाताला कळायचं, चाक मातीत घसरलं की हात ओढायचं, चांगलं अडीच फेरे फिरायचं. डोळे मिटले असते तर वरंधाच्या घाटात आहे असंच वाटलं असतं. दुसऱ्यात नुसती स्प्रिंग. सोडलं की आपलं मधे येऊन उभं राहायचं, हो ला हो करणाऱ्या माणसासारखं. फक्त हॉर्न वेगळा. पहिल्याला अंगठ्याजवळ डाळीएवढं बटण, आणि दुसऱ्याला मधोमध तळवा बसेल एवढी गादी, आपल्या ट्रकला होती तशी.

बरोबर आलेल्या मुलीनं दुकानातल्या पडद्यावर डोंगराचा रस्ता लावून दिला. वळण आलं, मी हॉर्न दिला आणि गाडी कडेला घेऊन थांबलो. मागून चार गाड्या धाडधाड आदळून पुढे गेल्या. "पप्पा, थांबलात का?" "वळण आहे. समोरनं कोणी चढत असेल तर?" "अहो, शर्यत आहे ही. सगळे एकाच बाजूला पळतात. इथं समोरनं कोणी येत नाही." "मग हा घाट कसला?" मी म्हटलं, आणि दुकानातली सगळी माणसं हसली. मीही हसलो. पण त्या हसण्यातच तुमची आठवण आली.

घाटात पहिल्यांदा गाडी माझ्या हातात दिलीत तो दिवस तुम्हाला आठवतो का? वरंध मागे पडलं, पहिलं आंधळं वळण आलं, मी हॉर्न मारला आणि तसाच घुसलो. तुम्ही गाडी बाजूला घ्यायला लावलीत. खाली उतरवलंत आणि ते वळण मला पायी चालून यायला लावलंत. परत आलो तेव्हा म्हणालात, "हॉर्न दिलास आन लगेच घुसलास? मग दिलास कशाला रे? इचारलंस तर उत्तर ऐकायला थांब की. चढणारा बोलला तर त्याची वाट आधी. कोणच बोलला नाय, तर मग जा." पुढे तीस वर्षं मी तसंच केलं. दोन हॉर्न, मग कान देऊन थांबायचं.

आणि मग तो अंगणातला दिवस. तुमचा डावा पाय अर्धांगानं गेलेला. सकाळीच काठी टेकत बाहेर येता, म्हणता, "पहिल्या वळणापरयंत नेतो नि आणतो. तू बस ना बाजूला." मी ट्रकच्या काचा पुसतो आहे. तुमच्या पायाकडे बघतो, आणि तोंडातून निघतं, "बाबा, बॅटरी बसलीय." चावी माझ्या मुठीत आहे, फडक्याखाली. तुम्ही चप्पल काढता, उजव्या पायावर जोर देऊन कसेबसे केबिनमध्ये चढता, स्टेअरिंगला हात लावून कपाळाला लावता. दोन्ही हातांनी ते धरून समोरच्या रस्त्याकडे बघत बसता. आणि मग मधोमध तळवा ठेवता. आपल्या ट्रकच्या हॉर्नला चावी लागत नाही; तो असा वाजतो की कोंबड्या उडतात, आई चुलीपासून उठून दारात येते. एकदा. पुन्हा एकदा. वळणाआधी देतात तसा. मग तुम्ही थांबलात, कान देऊन. मी खाली फडकं घेऊन उभा. मला फक्त "चला" म्हणायचं होतं, किंवा निदान "भीती वाटते हो बाबा, तुम्ही पडाल." मी काहीच बोललो नाही. तुम्ही उतरलात, माझ्या खांद्यावर हात टेकलात, म्हणालात, "बॅटरी बसलीय ना? राहू दे मग." त्यानंतर तुम्ही कधी गाडीचं नाव काढलं नाहीत, आणि पुढच्या गणपतीला तुम्ही नव्हतात.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. स्टेअरिंग टेबलाला बसवलंय, पण टेबलाची फळी पातळ, त्यामुळे आवळलं तरी ते हलतं. खाली कागदाची घडी लागते, ती या पत्राचीच करतो. मुलगी सारखी विचारते, "पप्पा, ते पहिलं किती छान होतं, तुम्ही हे स्प्रिंगवालं मुकं का घेतलंत?" मी सांगितलं, माझ्या म्हाताऱ्या मनगटांना तेवढा जोर झेपत नाही. मनगटं ठणठणीत आहेत, बाबा. पोरीशीही मी खोटंच बोललो.