खुर्च्यांचे आभार

३ फेब्रुवारी, सोमवार
आज कामावर गेले. संदीप गेल्यानंतर पहिल्यांदाच. आणि नेमकं आजच कंपनीने सगळ्यांना हॉलमध्ये बसवलं — भावनिक बुद्धिमत्तेचं ट्रेनिंग! मॅडम म्हणाल्या, राग आला की लगेच बोलू नका, आधी समोरच्याला काय हवंय ते ओळखा. बाकीचे फोन बघत होते. मी नीट ऐकलं.
राग आहे तो नरेंद्रभाऊजींचा. दुसऱ्या कोणाचा नाही.

४ फेब्रुवारी
संदीप उल्हासनगरला हॉस्पिटलमध्ये पडून, सख्खा धाकटा भाऊ बदलापूरला, लोकलने दोन स्टेशनं पुढे. फोन केला की एकच — रविवारी येतो, वहिनी. मग म्हणे हॉस्पिटलचा वास सहन होत नाही. शेवटच्या रविवारी संदीपने माझ्याकडून दाढी करून घेतली. पावडर लावायला सांगितली. "नरू घाबरेल नाहीतर." संध्याकाळपर्यंत दाराकडे तोंड करून पडला होता.
भाऊजी आले ते थेट स्मशानात. सगळ्यांत मोठ्याने तेच रडले.

६ फेब्रुवारी
रविवारी संदीपचं पुण्यानुमोदन. बुद्धवंदना झाली की एकेक जण उठून गेलेल्याबद्दल बोलतो. मीही बोलणार. दाढीचं सांगणार, सगळ्या भावकीसमोर. कणीक मळताना वाक्यं पाठ करतेय.

७ फेब्रुवारी
भाऊजी येऊन गेले. हॉल, खुर्च्या, माइक सगळं मी बघतो म्हणाले. बोलताना नजर फरशीवर. चप्पल घालून दारात घुटमळले. "वहिनी, तुम्ही मला काही बोलत का नाही?"
चहा टाकू का, विचारलं मी.
ते गेल्यावर डोक्यात प्रकाश पडला. त्यांना बोलणी खायचीच आहेत! चारचौघांत मी बोलले की ते रडतील, लोक पाठीवरून हात फिरवतील, झालं, सुटले.
नाही देणार.

९ फेब्रुवारी, रविवार
दाढीचं काढलंच नाही. हॉस्पिटलमध्ये येऊन गेलेल्या एकेकाचं नाव घेऊन आभार मानले. वॉर्डातल्या मावशींचेसुद्धा. शेवटी म्हटलं, "खुर्च्यांची व्यवस्था नरेंद्रभाऊजींनी केली, त्यांचेही आभार."
लोक वळून भाऊजींकडे बघायला लागले. त्यांनी मान वर केली नाही. मी पोटभर जेवले — किती दिवसांनी.
निघताना जवळ आले. "माझा राग आलाय ना, वहिनी?"
मी हसले. "राग कसला, भाऊजी?"
बघतच राहिले माझ्याकडे. आता बसा जळत.

११ फेब्रुवारी
झोप छान लागतेय. मॅडमचं ट्रेनिंग कामाचं निघालं!

१३ फेब्रुवारी
सुषमाचा फोन — भाऊजींची बायको. रडत होती. मला वाटलं, लागलं वर्मी.
म्हणाली, "ताई, तुमचे उपकार कसे फेडू? हे महिनाभर धड जेवत नव्हते. रविवारपासून शांत झोपतायत. वहिनीने मला माफ केलं, म्हणून येईल त्याला सांगतायत."
बरं म्हटलं आणि फोन ठेवला. भाजी करपली.

१४ फेब्रुवारी
सुट्टी टाकली. बदलापूरला निघालेय. दाढीचं सांगायला — मोठ्याने.