थोरलीला हलवू नकोस

धाकटे,

रात्री पार्सलांचं पॅकिंग करून दमली होतीस, म्हणून उठवलं नाही. हॉलमधल्या टाकीतली थोरली गेली गं. हीटर बंदच झाला नाही, खारं पाणी तापत राहिलं, आणि तुझ्या आईचं पहिलं प्रवाळ सकाळी पांढरंफटक. एकुलती एक असून तू धाकटी झालीस, ती हिच्यामुळेच. मासे मागच्या टाकीत हलवलेत, ते बरे आहेत.

हिचेच तुकडे वाढवून, विकून आईने छंदाचा धंदा केला. पहिला तुकडा दातांच्या डॉक्टरांनी नेला होता, तो आता दवाखान्यातल्या टाकीत टोपलीएवढा झालाय. डबा घेऊन तिकडेच निघालोय, बोटभर मागतो. नाही म्हणायचे नाहीत.

गिऱ्हाईक आलं तर आज तुकडे मिळणार नाहीत म्हणावं. त्यांच्यासमोर रडू नकोस, मेले भाव पाडून मागतील.

आणि थोरलीला मी येईपर्यंत टाकीतून काढू नकोस. पाणी नासेल, ठाऊक आहे मला. नासू दे. आईच्या वेळी मी पोचायच्या आत तुम्ही सगळ्यांनी उरकून घेतलं होतं.

बाबा