चौथ्या मॉड्यूलमधली शांतता

३ मार्च
ग्वांगजौ एका दिवसातच आवडून गेलं. खोलीच्या खाली कोळंबीची डंपलिंग वाफवणारा बसतो, कारखाना दहा मिनिटांवर, आणि काम कसलं, तर ऐकण्याचं! खिशातल्या म्युझिक प्लेअरच्या पाठीत हेडफोन अँप्लिफायरचं मॉड्यूल सरकवायचं, मोजमापं घ्यायची, मग कानांनी खात्री करायची. माझे वरिष्ठ मो मास्तर म्हणाले, "आ-यिन, यंत्र खोटं बोलत नाही गं, पण अर्धंच बोलतं."

५ मार्च
नव्या मॉड्यूलचे चार नमुने आले. तीन बरे आहेत. खालचे सूर जरा फुगतात, एवढंच. चौथा अप्रतिम. गाणं थांबवलं की खरखर अजिबात नाही. खोल विहिरीत डोकावल्यासारखी शांतता.

६ मार्च
चौथ्यात गाणं बंद असताना कुणीतरी श्वास घेतं. मोजणीच्या पडद्यावर काहीच उमटत नाही. मॉड्यूल दुसऱ्या प्लेअरमध्ये घालून पाहिलं. तिथेही तेच.

९ मार्च
तो श्वास बाबांचा आहे. छातीत अडकून मग शिट्टीसारखा बाहेर पडणारा. तीन वर्षांपूर्वी ते पलीकडच्या खोलीत वारले. मला हाका मारल्या असणार. मी हेडफोन लावून बसले होते. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही.

१० मार्च
आज हाक आली. "आ-यिन, आहेस का गं?" मी ओठातल्या ओठात म्हणाले, आले बाबा.
सदोष नमुना इथे चिरडून टाकतात. मी अहवालात लिहिलं: उत्तम.

११ मार्च
मास्तरांना अहवाल पटला नाही. स्वतः ऐकायला बसले आणि पांढरेफटक पडले. म्हणाले, आत कुणी मुलगी आहे, सारखी म्हणतेय, आले बाबा, आले. मग हेडफोन काढून माझ्याकडे वळले. "पोरी, हा तर तुझा आवाज!"
मी उत्तर दिलं. त्यांना ऐकू गेलं नाही.

१२ मार्च
ओठ हलतात. आवाज नाही. मास्तरांना जिवाच्या आकांताने हाका मारल्या — त्यांनी मान वर केली नाही. चौथ्याचे हेडफोन त्यांनी लावले, तेव्हा माझ्या हाका ऐकून दचकले.

दुपारी
म्हणतात, मॉड्यूलच फोडतो, म्हणजे सुटशील. हातोडी आणायला गेलेत. पण मी आत — बाबांच्या उशाशी — ते बोलतायत, किती दिवसांनी —
पावलं वाजली. मास्तर आले. ही वही त्यांच्यापुढे धरते —
मास्तर, थांबा, फोडू न