सोनूच्या अपिलातलं उत्तर

जव्हार, मार्गशीर्ष वद्य पंचमी, संध्याकाळ

खोडाळ्याच्या सोनूचं अपील आज निकालात निघालं. लढाईवरून छाती निकामी होऊन आला, तरी पेन्शन नाकारलं होतं, ते नुसत्या कागदावरून. अपिलात माणूस समोर उभा करतात, म्हणून मला आशा होती.

कचेरीच्या पायऱ्या चढून तो खांबाला धरून उभा राहिला. छाती भात्यासारखी वाजत होती. अपील ऐकणाऱ्या साहेबांपुढे मात्र खांब सोडून ताठ झाला.

त्यांच्यातल्या डॉक्टरसाहेबांचा इंग्रजी प्रश्न मी मराठीत विचारला, "तब्येत कशी आहे?"

"बरी हाय, सायेब."

मी दुभाष्या. जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. दुसरं काय करणार होतो? अपील फेटाळलं.

बाहेर त्याची बायको शांतपणे म्हणाली, "मोठ्या मानसानं इचारलं का, 'बरा हाय' असाच सांगायचा. रडगानं कोन लावतं, भाऊसाहेब?"

हे मला ठाऊक नव्हतं? इतकी वर्षं इथे काढून?

सोनू पुन्हा त्याच खांबाला धरून उभा होता.

घरी आलो. ओटीवरच्या खांबाला माझा हात कधी गेला, कळलं नाही. हिनं विचारलं, "बरं वाटत नाही का?"

"बरा आहे," म्हणालो.