गळ्यापाशी अडलेलं

दुर्गापुरा, जयपूर
४ फेब्रुवारी २०२५

ती. दादास,
कृ. शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, म्हणून पत्र. माझ्या गळ्यातली थायरॉइडची गाठ वाढलीये, घास गिळताना अडतो. दोनदा सुईने तपासली, दोन्ही वेळा साधीच निघाली, तेव्हा घाबरू नकोस. डॉक्टर म्हणतात, कापायला नको, आत सुई घालून उष्णतेने जाळू. मग ती हळूहळू आक्रसते. पण त्यातही तीन तऱ्हा: रेडिओ लहरी, मायक्रोवेव्ह नाहीतर लेसर. आमचे चिरंजीव निमिष म्हणतात, कुठलीही घे, मतलब सगळं सेमच. साबणसुद्धा तो असाच निवडतो. आवाज जायचा धोका तिन्हींत थोडा आहे, आणि आईचं आठवून तेवढीच भीती वाटते.

डॉक्टरांनी दिलेले माहितीचे कागद सोबत जोडलेत. जन्मभर विम्याचे कागद वाचलेस, हेही वाच. कोणती घेऊ ते तूच ठरव.

तुझी,
कौमुदी

कराड
१५ फेब्रुवारी

चि. सौ. कौमुदीस, अ. आ.

कागद तीनदा वाचले. मायक्रोवेव्ह झपाट्याने तापते, मोठ्या गाठीला बरी, पण हात सराईत हवा. लेसरची सुई बारीक, मात्र गाठ जरा कमी आक्रसते असं दिसतं. रेडिओ लहरींचा अनुभव सगळ्यांत जास्त, आणि सुई सरकवत थोडं थोडं जाळत जातात. तुझ्या डॉक्टरांचा हात कशावर बसलाय ते आधी विचार. यंत्रापेक्षा ते महत्त्वाचं.

निवड मात्र माझ्या माथी मारू नकोस. आईच्या गाठीच्या ऑपरेशनला तुम्ही सगळे नको म्हणत होतात, सही मी केली. पुढे नऊ वर्षं ती कुजबुजतच बोलली. माझ्याजवळ तिने कधी तक्रार केली नाही, तेच जास्त लागतं. पुन्हा कुणाच्या गळ्याचा निर्णय मी घेणार नाही.

झाल्यावर लगेच कळव. जीव टांगणीला आहे.

सुधाकर

जयपूर
२३ मार्च

ती. दादास, सा. नमस्कार.

परवा रेडिओ लहरींनी केलं. डॉक्टरांचा हात त्यावरच बसलाय. मान बधिर केली होती, मी जागी. आवाज ठीक आहे ना ते कळावं म्हणून मला मधूनमधून बोलायला लावत होते. नर्स म्हणाली, "आंटीजी, कुछ भी बोलिए." तिथे कुणाला मराठी कळत नव्हतं, म्हणून तुझ्यापासून इतकी वर्षं लपवलेलं बोलून टाकलं. आता तुला लिहिते.

शेवटच्या आजारात आई मला म्हणाली होती, "सुधाला सांग, त्या गाठीने माझा श्वास कोंडायचा. त्याने सही केली म्हणून नऊ वर्षं मी निवांत झोपले."

मी सांगितलं नाही. तिचा आवाज तुझ्यामुळे गेला, असं धरून बसले होते. चुकलं माझं, दादा.

माझा आवाज शाबूत आहे. रागावलास तरी दोन ओळी लिही.

कौमुदी