धाकट्याच्या डोक्याला लागलं त्याबद्दल

प्रिय आई,

तुला आणि बाबांना नमस्कार. मी मजेत आहे, वेळेवर जेवते. बाबांचा खोकला थांबला का?

धाकट्याच्या डोक्याला मैदानात मार लागला, पण स्कॅन चांगला आला आणि तो रविवारी पुन्हा खेळणार, असं तू फोनवर हसत सांगितलंस. मला हसू आलं नाही.

आमच्या प्रयोगशाळेत उंदरांना भूल देऊन डोक्याला हलका धक्का देतात. शुद्धीवर आल्यावर उंदीर खातो, मिशा साफ करतो. स्कॅनमध्येही काही दिसत नाही. मग त्याला टाकीत पोहायला सोडतात. पाण्याखाली टेकायला ठेवलेली पायरी त्याच्या ओळखीची असते, तरी तो तिच्या शेजारून निघून जातो. मी त्याला उचलते, पुसते. विश्रांती मिळाली की बहुतेकांना पायरी सापडते. त्याआधीच दुसरा धक्का बसला, तर अनेकांना सापडत नाही.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे मला कळतं. तरी डॉक्टर खेळायला हो म्हणेपर्यंत धाकट्याचे बूट लपवून ठेव.

“ताई उंदरांची डॉक्टर, माझी नाही,” असं तो म्हणेल. म्हणू दे. त्याला फोनवर माझ्याशी भांडायला सांग. माझ्या लहानपणच्या सगळ्या खोड्या त्याला पाठ आहेत. त्या त्याने एकेक करून आठवून सांगितल्या, की मला बरं वाटेल.

तुझी,
थोरली